अस्मान पाहिलं म्हणजे हरला?

एखाद्याचा पुरता पराभव झाला की मराठीत आपण म्हणतो, त्याला अस्मान दाखवलं. चारी मुंड्या चीत केलं. चितपट केलं. निवडणुकीच्या बातमीत, क्रिकेटच्या मथळ्यात, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे शब्द सतत येतात आणि ते सगळे कुस्तीच्या फडावरून आलेत. ज्याची पाठ मातीला लागली त्याला वर फक्त आकाश दिसतं. तो हरला. पंचाने शिट्टी मारायची, जिंकलेल्याला लोकांनी खांद्यावर घ्यायचं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या गर्दीला हा निकाल कधी समजावून सांगावा लागलेला नाही.

आता दुसरी एक लढत बघा. १६ डिसेंबर १९९४, अमेरिकेतलं टल्सा शहर. जाळीचं कुंपण घातलेल्या अष्टकोनी रिंगणात रॉयस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा सडपातळ माणूस जूडोसारखा पांढरा पोशाख घालून उभा आहे. समोर डॅन सेव्हर्न. कुस्तीत नाव कमावलेला, ग्रेसीपेक्षा तीस किलोंहून जास्त वजनाचा. सेव्हर्न सुरुवातीलाच त्याला खाली घेतो आणि ग्रेसीची पाठ टेकते. आपल्या फडात ही कुस्ती तिथेच निकाली झाली असती. इथे मात्र ती पंधरा मिनिटांहून जास्त चालते. ग्रेसी खाली पडून मार खातो, वाट बघतो. मग हळूहळू त्याचे पाय वर सरकतात, सेव्हर्नची मान आणि एक हात त्या पायांच्या त्रिकोणात अडकतो, आणि वरचा माणूस हार मानतो. लढत इतकी लांबली की घरी पैसे भरून टीव्हीवर बघणाऱ्या अनेकांचं प्रक्षेपण शेवट होण्याआधीच बंद पडलं.

अस्मान पाहणारा जिंकला. या एका गोष्टीपाशी मी अडकलो आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, वाचायला लागलो.

'बघायला' म्हणत नाही, कारण मला रक्त बघवत नाही. पण वाचण्याचा एक फायदाही आहे. व्हिडिओत कोण कुणाला मारतंय ते दिसतं. वाचताना लढतीआधी काय ठरलं होतं ते दिसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅम बरोबर चालतोय का, या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी 'बरोबर' म्हणजे काय हे कुणीतरी लिहून दिलेलं असावं लागतं. लढतीचंही तेच. 'जास्त चांगला कोण' हा प्रश्न विचारण्याआधी 'हरणं म्हणजे काय' आणि 'हरला असं कोण म्हणणार' हे ठरलेलं असतं. एमएमएचा इतिहास ठोशांचा आणि लाथांचा आहेच, पण त्याहून जास्त तो या दोन प्रश्नांचा आहे.

मारामारीबद्दल वाचण्यात नवीन काही नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मल्लविनोद' असा एक भाग आहे, आणि त्यात वय, अंगकाठी आणि ताकद यांनुसार मल्लांचे वर्ग पाडलेत. विसाव्या शतकात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेला मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघाला. अंगाने करायच्या गोष्टी कागदावर उतरवायची हौस आपल्याला जुनी आहे.

ग्रीकांनाही होती. एमएमएच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात पँक्रेशन या खेळापासून होते. ऑलिंपिकमध्ये तो इसवी सनपूर्व ६४८ मध्ये आला. ठोसे, लाथा, पेच, गळा आवळणं, सगळं चालायचं. मनाई दोनच गोष्टींना होती : चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत. पाठ टेकली तरी लढत संपायची नाही. ती संपायची एकाने हार मान्य केल्यावर.

या नियमाचं टोक म्हणजे अरिखिऑन. इसवी सनपूर्व ५६४. प्रतिस्पर्ध्याने त्याचा गळा आवळला होता. त्याच अवस्थेत अरिखिऑनने समोरच्याच्या पायाला असा पीळ दिला की वेदनेने त्याने हार मानल्याची खूण केली. पण तोवर अरिखिऑनचा जीव गेला होता. पंचांनी नियम पाहिला. हार मानली ती जिवंत माणसाने, मेलेल्याने मानलेली नव्हती. विजयाची माळ मृतदेहाला मिळाली. ही गोष्ट वीररसाने सांगितली जाते. मला ती वाचताना पंचांची आठवण येते. नियमात 'हार मानेल तो हरला' एवढंच लिहिलं होतं. समोरचा हार मानण्याच्या स्थितीतच उरला नाही तर काय करायचं, हे लिहायचं राहून गेलं होतं.

तिथून एकदम लंडनला येऊ, कारण तिथे आपला माणूस आहे. १० सप्टेंबर १९१०. व्हाइट सिटी स्टेडियममध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोरासमोर आले. नियम आपल्या ओळखीचा होता : पाठ टेकवायची. झिबिस्कोने थोड्याच वेळात ओळखलं की उभ्याने या माणसाशी निभाव लागणार नाही. मग त्याने पोट गादीला चिकटवलं आणि तसाच राहिला. पाठ आकाशाकडे असेल तर ती जमिनीला लागणार कशी? अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलटवायचा प्रयत्न करत राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा जोड ठरली होती, पण झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजेता ठरवलं गेलं. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं.

लंडनची ती कुस्ती कंटाळवाणी होती असं म्हणून लेखक पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. हरण्याची व्याख्या 'पाठ टेकणं' अशी असेल तर पाठ लपवणं हाच एक डाव होऊ शकतो, हे झिबिस्कोने दाखवून दिलं. त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या बरोबर उलटी विद्या आकार घेणार होती.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सूमधून जूडो घडवला. त्यांच्या परंपरेतला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थिरावला. त्याची विद्या ग्रेसी कुटुंबाकडे आली. त्यातला धाकटा भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ होता. मोठ्या माणसाने खाली पाडणं त्याला टाळता येणार नव्हतं. म्हणून या घराण्याने खाली पडल्यानंतर काय करायचं यावर सगळा जोर दिला. पाठीवर पडून पायांनी समोरच्याला धरून ठेवायचं, आणि संधी मिळताच त्याचा हात किंवा गळा पकडायचा. कुस्तीत जिथे शेवट होतो तिथून ब्राझिलियन जुजुत्सूची सुरुवात होते.

ऑक्टोबर १९५१ मध्ये रिओच्या माराकानात हेलिओसमोर मासाहिको किमुरा उभा राहिला. जपानचा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला जूडोपटू. महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये शाळांतल्या जूडोवर बंदी आली होती आणि किमुरा पैशांसाठी लढू लागला होता. या लढतीची अट होती : फेकण्याला आणि दाबून धरण्याला किंमत नाही, समोरच्याने हार मानली तरच विजय. किमुराने हेलिओला पुन्हा पुन्हा फेकलं. जूडोच्या नियमांत तो कितीदा जिंकला असता! शेवटी त्याने हेलिओचा हात मागे पिरगळला. हेलिओ हार मानेना. हाड मोडलं. तरी मानेना. तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, कार्लोसने, कोपऱ्यातून मध्ये पडून लढत थांबवली.

दोन गोष्टी या लढतीतून उरल्या. एक म्हणजे नाव. हात पिरगळण्याच्या त्या पेचाला आज जगभर 'किमुरा' म्हणतात, आणि हे नाव रुळवलं ते हरलेल्या घराण्याने. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. हरलेला माणूस 'मी हरलो' म्हणायला तयार नसेल तर त्याच्या वतीने म्हणणारं कुणीतरी हवं. अरिखिऑनच्या कोपऱ्यात असा भाऊ नव्हता.

याच पेचाची पुढची हकिगत गामाच्या घरात जाते. गामाच्या धाकट्या भावाचा, इमाम बख्शचा मुलगा अक्रम पैलवान डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अंतोनिओ इनोकीशी लढला. इनोकीने त्याचा हात तसाच मागे पिरगळला आणि अक्रमचा खांदा गेला. पाठ न टेकू देण्यात ज्या घराण्याने हयात घालवली, त्या घरातला पैलवान पाठ टेकण्याशी काहीच संबंध नसलेल्या डावावर हरला.

त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी तोक्योच्या बुदोकानमध्ये मुहम्मद अलीशी लढला होता. बॉक्सर विरुद्ध कुस्तीगीर, पंधरा राउंड. घंटा झाली आणि इनोकी धावत येऊन जमिनीवर आडवा झाला. उरलेला बराचसा वेळ तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. जगातला सगळ्यात मोठा बॉक्सर आडव्या माणसापुढे हतबल! बॉक्सिंगमध्ये पडलेल्या माणसाला मारायचं नसतं, त्यामुळे पडलेल्याला कसं मारायचं हे कुणी शिकवतच नाही. अलीने पूर्ण लढतीत मोजके ठोसे मारले. निकाल बरोबरीचा लागला, प्रेक्षक चिडले, आणि सुजलेले पाय घेऊन अली इस्पितळात गेला. पुन्हा तेच. अस्मान पाहणारा माणूस हरत नव्हता.

१२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, यूएफसी, झाली तेव्हा जाहिरातीत नियम नाहीत असा डांगोरा होता. प्रत्यक्षात चावायला आणि डोळ्यांत बोटं घालायला मनाई होती. पँक्रेशनचीच ती दोन कलमं, अडीच हजार वर्षांनी. एका रात्रीत आठ जणांची स्पर्धा होती. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लव्ह घालून आला. सगळ्यांना हरवून रॉयस जिंकला, हेलिओचा मुलगा. आणि स्पर्धा उभी करणाऱ्यांमध्ये होता रॉयसचा थोरला भाऊ, रोरिअन.

हे वाचल्यावर मनात येतंच, की भावाने नियम केले, भाऊ जिंकला. फसवणूक कुठेच नव्हती. रॉयसने प्रत्येक लढत स्वतः जिंकली. पण वजनाचे गट नसणं, पोशाख घालायची मुभा असणं, पाठ टेकण्याला शून्य किंमत असणं, यातलं प्रत्येक कलम ग्रेसींच्या विद्येला मानवणारं होतं. नियम नाहीत असं म्हणणं हाही एक नियमच, आणि तो कुणाच्या तरी सोयीचा असतो.

सेव्हर्नविरुद्धच्या त्या लांबलेल्या लढतीनंतर हे उघड झालं. १९९५ च्या एप्रिलमध्ये यूएफसी ५ पासून वेळेची मर्यादा आली. कारण टीव्हीचं वेळापत्रक. ग्रेसींची सगळी मदार वाट बघण्यावर होती. रॉयस आणि केन शॅमरॉक त्या दिवशी ३६ मिनिटं लढले, गुण देणारे पंच नव्हते, निकाल बरोबरीचा लागला. त्यानंतर रॉयस यूएफसीतून बाहेर पडला. त्याला कुणी रिंगणात हरवलं नव्हतं. घड्याळ मध्ये आलं.

मग राजकारण आलं. सिनेटर जॉन मॅक्केन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली आणि १९९६ मध्ये राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबवलं. जगायचं तर नियम लिहावे लागणार होते. १९९७ मध्ये वजनाचे गट आले, ग्लव्ह सक्तीचे झाले. २००० च्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने सविस्तर नियमावली घडवायला घेतली. पाच मिनिटांचे राउंड, साध्या लढतीला तीन आणि किताबासाठी पाच. तीन पंच. डोक्याने मारणं, पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणं, मणक्यावर मारणं, अशा तीसेक गोष्टी बाद. त्याच सुमारास, जानेवारी २००१ मध्ये, यूएफसी २० लाख डॉलरला विकली गेली. २०१६ मध्ये तिची किंमत सुमारे ४०० कोटी डॉलर झाली. 'नियम नाहीत' म्हणून जन्मलेला खेळ नियमावलीच्या जोरावर जगला.

नियमावलीलाही कधी कधी चुका दुरुस्त कराव्या लागतात. सरळ वरून खाली कोपर मारायला तिच्यात बंदी होती. डिसेंबर २००९ मध्ये जॉन जोन्स एकतर्फी जिंकत असताना याच कलमाखाली बाद झाला. पुढे तो या खेळातला सगळ्यात मोठा लढवय्या मानला गेला आणि त्याच्या नावावर हार आहे ती एवढीच. नोव्हेंबर २०२४ पासून ते कलम काढून टाकलं गेलं. हार मात्र नोंदीत तशीच आहे.

हे सगळं वाचताना मला पुन्हा पुन्हा कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवत राहिले. त्यांचा एमएमएशी संबंध नाही, पण नियमांशी फार आहे. मातीत वाढलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले आणि सहावे आले. मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. मातीत निकाली कुस्ती, गादीवर मिनिटं आणि गुण. चार वर्षांत त्यांनी ती नवी भाषा शिकून घेतली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

हेलसिंकीत खाशाबा जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ कुस्ती खेळून हरले. हा इशी मुळात जूडोचा. ज्या बंदीच्या काळात किमुरा पैशांसाठी लढू लागला, त्याच काळात इशी कुस्तीकडे वळला होता. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो मागायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. खाशाबा हरले, ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य.

नियम लिहिलेला होता. हेलिओच्या कोपऱ्यात कार्लोस होता, खाशाबांच्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. एमएमएच्या प्रत्येक लढतीत आज कोपऱ्यात माणसं असतातच, आणि ती सोयीपुरती नसतात, हे मला खाशाबांमुळे कळलं.

आपल्याकडे हा प्रश्न अजून ताजा आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, म्हणजे एकाच किताबाच्या वाटेवर दोन वेगळे पृष्ठभाग आणि दोन सवयी. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला याच स्पर्धेत खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला आणि पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेला. पैलवानावर कारवाई झाली, टीव्हीवर तीच दृश्यं शंभर वेळा फिरली. तीन सेकंदांच्या त्या क्षणात एका पोराची वर्षांची मेहनत अडकलेली होती, आणि निकाल त्याच्या तोंडून नव्हे, दुसऱ्याच्या डोळ्यांतून येणार होता.

म्हणूनच एमएमएमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दोन-तीन थापांची आहे. 'टॅप'. गळा आवळला गेला, हात तुटायला आला, की समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर थाप मारायची. लढत त्या क्षणी थांबते. पाठ टेकली की नाही हे तिसऱ्याने सांगायची गरज नाही. माझी हार मीच सांगतो.

यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय मुंबईचा भारत खंडारे. नोव्हेंबर २०१७, शांघाय. समोर चीनचा सोंग याडोंग. पहिल्याच राउंडमध्ये खंडारे गिलोटिनमध्ये हरला. गिलोटिन म्हणजे समोरच्याची मान काखेत घेऊन आवळणं. पट काढायला डोकं खाली नेण्याची सवय असलेल्या कुठल्याही पैलवानाला या खेळात पहिल्यांदा शिकावा लागणारा धोका हाच. मातीतल्या कुस्तीत मान अशी आवळायला बंदी, त्यामुळे ती वाचवायची सवयही नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती आली वुशूमधून.

आपल्या तालमीतली मुलं उद्या या खेळात जातील तेव्हा त्यांच्याकडे ताकद असेल, पट असेल, दम असेल. वस्तादाला त्यांना एक गोष्ट नव्याने शिकवावी लागेल, आणि ती लहानपणापासून ऐकलेल्या शब्दांच्या उलटी आहे : पाठ टेकली तर घाबरू नकोस, वर आकाश दिसलं तरी कुस्ती चालू आहे. आणि खरंच सुटका नसेल, तर हाड मोडायची वाट बघू नकोस. थाप मार. उद्या परत ये.